निम्मी लेकरं

पाद्यपूजेचा निरोप मठातून आला तेव्हाच श्रीशैलच्या मनात पाल चुकचुकली. महाराज जिंतूरला यायचे ते श्रावणात, आणि तेही अप्पांनी मठात जाऊन आर्जवं केल्यावर. यंदा ऐन माघात, कुणी न बोलावता, येतो म्हणाले. घरीच प्रसाद घेऊ म्हणाले. त्यात बहीण ऋतुजाही संभाजीनगरहून नेमकी त्याच सुमाराला येऊन बसली. गिऱ्हाईक बियाणं घ्यायला आलंय की नुसता भाव विचारायला, हे दुकानाच्या गल्ल्यावर बसून लांबूनच ओळखणाऱ्या श्रीशैलला हा योगायोग काही पचेना.

"कुणी बोलावलं असंल?" त्यानं राजेश्रीला विचारलं. ती प्रसादाच्या खिरीचे गहू शिजवत उभी होती.

"अप्पांनीच की. दुसरं कोण?" राजेश्रीनं मागं वळून न बघता सांगितलं. "आपल्या येलदरी रोडच्या रानात मठाची शाळा काढायची, हे कव्हापासून घोळायलंय त्यायच्या मनात. आता लेक चालली परदेशात. तिच्या मागं म्हातारा-म्हातारी बी गेले की रान मोकळं."

"अप्पा बोलावते तर आधी मला गाडी धू म्हणले असते."

"मंग ऋतूताईनं."

"तिला काय करायचंय महाराजांचं? ती पाया पडतानाबी मोबाईल बघती."

"तेच म्हणायलेय मी," राजेश्री म्हणाली आणि डाव आपटून तिनं झाकण ठेवलं. श्रीशैलला बायकोचा संशय नेहमी आपल्यापेक्षा एक पाऊल पुढं असल्यासारखा वाटे, आणि त्याचा त्याला रागही येई.

महाराज म्हणजे श्रीशैलचा थोरला भाऊ. हे वाक्य या घरात कुणी बोलत नसे. आज्जानं नवस केला होता, पहिला नातू मठाला देईन म्हणून. नवस आज्जाचा, शब्द अप्पांनी पाळला आणि पोरगं शाळेत जायच्या वयात मठात गेलं. दीक्षा झाली की पूर्वाश्रम संपला. त्यानंतर त्याला आई-बाप राहिले नाहीत, भक्त राहिले, आणि त्या भक्तांत अप्पा म्हणजे सांबप्पा आणि आई गौराबाई हे दोघेही आले. शेजारच्या बाया विचारायच्या तेव्हा गौराबाई दोन लेकरं म्हणून सांगे. श्रीशैल आणि ऋतुजा. विचारणाऱ्यांना सगळं ठाऊक असे, तरी त्या मान डोलवत.

आणि आता त्या दोनातली एक चालली होती. ऋतुजा भूल देणारी डॉक्टर. परीक्षा, मुलाखती सगळं उरकून तिच्या हातात दोन नोकऱ्या होत्या. एक इंग्लंडातल्या मोठ्या हॉस्पिटलात, एक ऑस्ट्रेलियातल्या आडगावच्या दवाखान्यात. गेले काही महिने या घरात सोयाबीनच्या भावापेक्षा व्हिसाचीच चर्चा जास्त झाली होती. इंग्लंडचं काम मोठं, शिकायला मिळणार, पाच वर्षांनी पक्कं राहता येतं म्हणत, पण ती मुदत वाढवायचंही तिकडं घाटत होतं. आणि आई-वडलांना कायमचं नेणं जवळपास अशक्य. भेटीला या, परत जा. ऑस्ट्रेलियाचं काम कमी मानाचं, पण तिथं पक्का रहिवास मिळाला की आई-वडलांसाठी अर्ज टाकता येत होता. अप्पांचं वय झालेलं, त्यामुळं तिथं जाऊन अर्ज टाकायचा आणि निकाल लागेपर्यंत, मग तो कितीही वर्षांनी लागो, लेकीजवळच राहायचं.

गौराबाईनं यातलं एवढंच लक्षात ठेवलं होतं. ऑस्ट्रेलिया म्हणजे ऋतूजवळ, इंग्लंड म्हणजे ऋतूवाचून. इंग्लंडवाल्यांना आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि आजच महाराज येत होते.

*

देवगाव फाट्याकडून जीप आली ती अकराच्या सुमाराला. दोन शिष्य बाहेरच्या मांडवात बसले. महाराज आत आले, शाल घातलेल्या खुर्चीवर टेकले. राजेश्री पाण्याची कळशी घेऊन भिंतीला लागून उभी राहिली. तिथून सगळ्यांची तोंडं दिसत होती, म्हणूनच तिनं ती जागा धरली होती.

पितळी परातीत महाराजांनी पाय ठेवले. सांबप्पा वरून पाणी घालत होते आणि गौराबाई पाय धूत होती. ती नेहमीच सावकाश धुई. आधी टाचा, मग घोटे, मग एकेक बोट. राजेश्री लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला ही भक्ती वाटली होती. पुढं स्वतःला लेकरू झाल्यावर एका पूजेला तिच्या ध्यानात आलं की सासूला आपल्या पोराला हात लावायला मिळतो तो वर्षातून एवढाच. त्या दिवसापासून राजेश्री सासूवर फार चिडू शकत नव्हती. चिडायची, पण थोडक्यात आवरायची.

"गौराबाई, पुरे आता," महाराज हळूच म्हणाले.

"हां महाराज," म्हणून गौराबाईनं पाय पुसले, भस्म लावलं, बेल वाहिला.

मग सगळे एकेक करून पाया पडले. ऋतुजा वाकली तेव्हा महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सहज विचारलं, "त्या इंग्लंडवाल्यांना आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय ना?"

ऋतुजा "हो" म्हणाली आणि झटकन बाजूला झाली.

राजेश्रीनं कळशी खाली ठेवली. ही आजची मुदत घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. अप्पांना तर सकाळीच सांगितली होती, आणि ती ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला होता. म्हणजे अप्पा नव्हेत. तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानंही ऐकलं होतं. त्याच्या जबड्याचं हाड हललं, आणि आता जेवणं सुखाची होणार नाहीत हे तिला कळून चुकलं.

*

जेवणं मात्र मुकाट झाली. महाराजांनी खीर दोनदा घेतली. शिष्य मांडवात लवंडले आणि घरातले सगळे पुढच्या खोलीत बसले. श्रीशैलनं दार लोटून घेतलं.

"महाराज, एक ईचारायचं होतं. इंग्लंडची मुदत तुमाला कुणी सांगितली?"

"श्रीशैल!" सांबप्पा गरजले. "कुणासमोर बोलायलास?"

"त्यायलाच ईचारायलोय अप्पा. ते तर काही लपवत न्हाईत. लपवणारं दुसरंच हाय."

त्यानं बहिणीकडं बघितलं. ऋतुजा मांडीवर बंद लॅपटॉप घेऊन बसली होती, दोन्ही हात त्याच्यावर.

"मी बी जरा चौकशी केली," श्रीशैल म्हणाला. "परभणीत एकजण हाय, पोरं परदेशी पाठवतो. त्याला म्हणलं, माझी बहीण म्हातारा-म्हातारीला ऑस्ट्रेलियात न्यायचं म्हणायलीय. त्यानं पहिला सवाल केला, लेकरं किती? मी म्हणलं, दोन. तो म्हणला मंग जमतंय. निम्मी लेकरं तिकडं राहत असली तरच आई-बापाचा अर्ज धरतेत. दोनात एक तिकडं, म्हणजे निम्मी. मी फोन ठेवणार, तर तो म्हणला, नीट सांगा हां, तीन असले तर बाद."

सांबप्पांनी उपरणं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तीन कुठून आणलेस?" ते म्हणाले. "दोनच हायेत. दीक्षा झाली तव्हाच आपला हक्क सुटला. हे काय आज नवं हाय?"

"आपल्यात सुटला. त्यायच्या सरकारात सुटतोय का, ते बघा की. ऋतू, तुला हे माहीत होतं का न्हाई?"

"होतं," ऋतुजा म्हणाली.

"कव्हापासून?"

"पहिल्यापासून."

"मंग आईला काहून आशा लावलीस? ती शेजारपाजारी सांगत फिरायलीय, मी लेकीकडं चालले म्हणून. का तुला आधीपासून इंग्लंडलाच जायचंय, अन् सगळं मोडलं की नाव माझं घ्यायचंय, दादानं जाऊ दिलं न्हाई म्हणून?"

असं काही बोलायचं नव्हतं त्याला. त्याला म्हणायचं होतं की एक मठात, एक परदेशात, आता आई-बापही गेले तर मी एवढ्या घरात कुणाचा म्हणून राहू. पण ते त्याला कधीच बोलता येत नसे, आणि तोंडातून निघे ते असलं काहीतरी.

*

ऋतुजाला दादाचा राग आला नाही. आपल्यावर संशय घ्यावा असंच आपण वागलोय, हे तिला ठाऊक होतं. थिएटरमध्ये पेशंट झोपवताना ती खोटं बोलत नसे. टोचणार असेल तर टोचेल म्हणूनच सांगे. घरात मात्र तिनं चार महिने तोंड बंद ठेवलं होतं.

"मठात मीच फोन केला," ती म्हणाली. "महाराजांना मीच बोलावलं."

सांबप्पा तिच्याकडं बघतच राहिले. राजेश्रीनं "बघा" म्हणून नवऱ्याला कोपर मारलं.

"दादा म्हणतो ते खरंय. तीन असले तर जमत नाही. पण त्या नियमात एक सवलत आहे. लहानपणीच कायद्यानं दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं लेकरू धरत नाहीत. दत्तक गेलेलं, किंवा तसंच काही."

"दत्तकाचा कागद कुठंय आपल्याकडं?"

"नाही. म्हणून मठाकडून पत्र पाहिजे. की यांना त्या वयात मठानं घेतलं, आई-वडलांचा हक्क तेव्हाच संपला, गुरूच त्यांचे आई-बाप. वकिलाला विचारलंय मी. तो म्हणाला खात्री नाही देत, पण लावून बघता येईल."

"अन् न्हाई लागलं तर?"

ऋतुजा लॅपटॉपच्या झाकणावरून बोट फिरवत राहिली.

"न्हाई लागलं तर?" श्रीशैलनं पुन्हा विचारलं.

"तर दोनच लिहायची. रेशनकार्डावर दोनच आहेत. सगळीकडं दोनच आहेत. कोण बघायला येतंय जिंतूरला?"

"आमची काही हरकत नाही," महाराज म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं वळले. ते शांत बसले होते, पाठ ताठ, हात गुडघ्यावर. आवाज प्रवचनाचाच होता, फक्त जरा खालचा.

"ऋतुजानं सगळं फोनवर सांगितलं. आम्हाला त्यात खोटं काही दिसत नाही. या घराशी आमचं नातं भक्ताचं आणि मठाचं. सांबप्पांना दोन अपत्यं. तसं पत्र आम्ही सहीनिशी देऊ. तेवढ्यासाठीच आलो."

"तेवढ्यासाठीच?" राजेश्रीच्या तोंडून निघून गेलं. "अन् रानाचं?"

"कुठलं रान?" महाराजांनी खरंच न कळून विचारलं, आणि राजेश्रीनं मान खाली घातली. या घरात तिचा एखादाच संशय चुकत असे, तो नेमका आज सगळ्यांसमोर चुकला.

सांबप्पांचा चेहरा मात्र उजळला. मोठ्या पोराला देऊन टाकल्यावर कधी तरी त्याच्याकडून काही मिळेल, ही अपेक्षा त्यांनी उघड कधी केली नव्हती. त्यांनी हात जोडले. "महाराजांची किरपा झाली. ऋतू, इंग्लंडवाल्याला न्हाई म्हणून टाक. आत्ताच टाक, माझ्यासमोर."

ऋतुजानं लॅपटॉप उघडला. आई आपल्याजवळ येणार. परदेशात दुपारी ड्युटीवरून येऊ तेव्हा घरात आई असेल. आपण भावाला घरातून पुसून टाकायला भावालाच बोलावलं, हे तिला कळत होतं, आणि तरीही तिला ते हवं होतं. इतकं की त्याची लाज वाटायलाही तिनं वेळ ठेवला नव्हता.

"थांब," गौराबाई म्हणाली.

*

गौराबाई दाराजवळ जमिनीवर बसली होती. इतका वेळ तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि तिनंही काही म्हटलं नव्हतं. महाराज समोर असले की ती फार बोलत नसे. बोलायला लागलं की तोंडातून भलतंच काही निघेल, अशी तिला कायम धास्ती असे.

"तू बोलावलंस त्याला?" तिनं लेकीला विचारलं. "पाद्यपूजेचं निमित्त करून?"

"तुझ्यासाठी बोलावलं आई. तुला माझ्याकडं यायचंय ना?"

"यायचंय. लय यायचंय." गौराबाई म्हणाली. "तुझ्या तिथल्या घरात चूल कुठं मांडायची, ते बी ठरवलंय मी. पण त्याच्या तोंडून हे वदवायला त्याला इथवर आणलंस? पाय धुतले मी आज त्याचे. मला वाटलं, आपणहून आला."

महाराजांनी डोळे मिटून घेतले.

"अगं, ते निव्वळ कागदापुरतं..." सांबप्पा म्हणायला लागले.

"तुमी थांबा वो जरा." तिनं नवऱ्याला असं कधी म्हटलं नव्हतं, आणि सांबप्पा खरोखर थांबले. "ते सरकारवाले काय ईचारतेत, ऋतू? पुन्यांदा सांग."

"किती लेकरं आहेत ते."

"कुणाला ईचारतेत? तुला का मला?"

"तुम्हाला. तुला आणि अप्पांना. अर्ज तुमचा असतो."

"म्हणजे मला ईचारायलेत." गौराबाई जराशी पुढं सरकली. "सासऱ्यानं नवस केला, मला ईचारलं न्हाई. ह्यांनी शब्द पाळला, मला ईचारलं न्हाई. बाया ईचारायच्या त्या गंमत बघायला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला ईचारायलंय, बाई तुला लेकरं किती. ना ओळखीचं ना पाळखीचं, परक्या देशाचं सरकार. त्याला तरी मी खरं सांगणार. मन्मथ, श्रीशैल, ऋतुजा. तीन."

ते नाव या घरात उच्चारलं गेलं आणि सांबप्पा एकदम उठले. "अगं काय बोलायलीस? पाप लागंल!"

"लागू द्या. माझं मी बघीन."

"मंग तुला जाता येणार न्हाई. कळायलंय का? लेक जाईल आणि तू इथंच राहशील. मेलीस तरी पोहोचणार न्हाई ती."

"कळायलंय."

सांबप्पांनी मदतीसाठी श्रीशैलकडं बघितलं. सकाळपासून याच पोरानं खोडा घातला होता, आता त्यानंच आईला समजवावं असं त्यांना वाटत होतं. श्रीशैल उठला, आईजवळ जाऊन खाली बसला आणि म्हणाला, "ती म्हणती तसं होऊ द्या अप्पा." मग सांबप्पा दार उघडून बाहेर गेले आणि मांडवात शिष्यांना उगाच चहा हवा का विचारत बसले.

ऋतुजाच्या डोळ्यांना धार लागली होती. "आई, मी ऑस्ट्रेलियालाच जाते. तरी अधूनमधून येता येईल तुला. दुसरा व्हिसा असतो, थोडा काळ राहायचा."

"ते काम तुझ्या मनाचं हाय का?"

ऋतुजानं लॅपटॉपच्या पडद्याकडं मान वळवली.

"न्हाई ना? माझ्यासाठीच धरलं होतंस ना ते?" गौराबाई म्हणाली. "मंग सोड. इंग्लंडला कळव. मोठ्या जागी जा, शीक. भेटायला मी तिथंबी येईन."

राजेश्रीनं पाण्याचा तांब्या आणून सासूजवळ ठेवला. ऋतुजानं कितीतरी वेळ की-बोर्डवर नुसतीच बोटं ठेवली. मग चार ओळी लिहिल्या, वाचल्या, आणि होकार पाठवून दिला. बाहेरून शिष्यानं हाक मारली, निघायची वेळ झाली म्हणून. महाराजांनी ऐकलं, पण ते खुर्चीतून हलले नाहीत. डोळे मात्र आता उघडले होते आणि ते गौराबाईकडं बघत होते.

ऋतुजा येऊन आईच्या कुशीत शिरली. "मी तुला सोडून चालले," ती हुंदके देत म्हणाली.

गौराबाईनं तिचं तोंड पदरानं पुसलं. बोलली ती लेकीशी, पण बघत होती खुर्चीकडं.

"रडू नको. ह्याला नेलं तव्हा मी पाण्याला हिरीवर गेले होते. घरी आले तर हा घरात न्हाई. कुठं गेला म्हणून गल्लीभर हाका मारत फिरले, अन् संध्याकाळी सांगितलं मला. तू सांगून चाललीस. तेवढं लय झालं."